अनंतरावांनी पाडलेला उजेड

अनंतराव मेहेंदळ्यांची गाडी टिळक रस्त्यावरच्या दुभाजकावर चढली, त्यात चूक दुभाजकाची होती. तो आदल्या आठवड्यात तिथे नव्हता. कोणीतरी तो बांधला होता आणि बांधण्यापूर्वी अनंतरावांना विचारलं नव्हतं.

त्यांचा मुलगा सलिल मात्र खराडीला आयटी कंपनीत होता आणि कशाच्याही मुळाशी जाण्याचाच त्याला पगार मिळत असे.

"बाबा, अंधार पडल्यावर तुम्हाला नीट दिसत नाही," तो म्हणाला.

"मला उत्तम दिसतं. गाडीला दिसत नाही."

"मग गाडीला चष्मा करा," अनंतरावांच्या पत्नी हेमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

गाडी म्हणजे सत्त्याण्णव साली घेतलेली आठशे. देशात परदेशी गाड्यांचा पूर आला, शेजाऱ्यांनी तीन-तीन गाड्या बदलल्या, पण अनंतराव हलले नाहीत. पाटबंधारे खात्यात एका खुर्चीवर जितकी वर्षं काढली, तितकीच या गाडीत काढायचा त्यांचा विचार होता. दिवे मात्र खरंच मंदावले होते. त्यांत समोरचा रस्ता दिसत नसे. समोर रस्ता असावा, एवढाच अंदाज येई.

एरवी हा वाद वर्षभर चालला असता, पण रविवारी संध्याकाळी विश्रांतवाडीला जायचं होतं. सलिलला त्याच्या कंपनीतली प्रियदर्शनी आवडली होती आणि तिच्या आई-वडिलांनी मेहेंदळ्यांना चहाला बोलावलं होतं. अनंतरावांना मुलगी पसंत होती. त्यांचा आक्षेप फक्त विश्रांतवाडीला होता. सदाशिव पेठेतून नदी ओलांडून इतक्या लांब नातं जोडणं म्हणजे बदलीवर जाणं, आणि बदली त्यांनी नोकरीतही कधी स्वीकारली नव्हती. तिकडे मुलीचे वडील हिंमतराव मूळचे अमरावतीकडचे. पेठेतल्या माणसांविषयी आपण बरंच ऐकून आहोत, असं त्यांनी मुलीजवळ बोलून दाखवलं होतं. काय ऐकलंय ते तिने सलिलला सांगितलं नाही, यावरून काय ते समजण्यासारखं होतं.

"रविवारी टॅक्सी करू," सलिल म्हणाला.

"पहिल्यांदा त्यांच्या घरी जायचं, तेही भाड्याच्या गाडीतून? आपली गाडी आहे."

"मग निदान एलईडी दिवे तरी बसवू."

नाना पेठेत बजरंग नावाच्या मेकॅनिकने जुने बल्ब काढून निळसर पांढरे एलईडी बसवले आणि भर दुपारी समोरच्या भिंतीवर उजेड पाडून दाखवला. "काका, आता इथनं आळंदी दिसंल," तो म्हणाला. आळंदी दिसण्याची आपल्याला गरज नाही, रस्ता दिसला तरी पुरे, असं अनंतरावांनी त्याला सांगितलं.

अनंतराव हे समोरून वाहन आलं की दिवा खाली करणारे, म्हणजे डिपर देणारे, पुण्यातले बहुधा शेवटचे गृहस्थ होते. त्या संध्याकाळी सलिलला शेजारी बसवून ते चाचणीला निघाले. समोरून स्कूटर आली. अनंतरावांनी अदबीने डिपर दिला आणि स्कूटरवाला डोळ्यांवर हात धरून फुटपाथवर चढला. पुढे रिक्षावाल्याला डिपर दिला, तर त्याने रिक्षा थांबवून अनंतरावांच्या शिक्षणाची चौकशी केली.

"लोकांना सभ्यपणाची सवयच राहिली नाही," अनंतराव म्हणाले.

सलिल मघापासून रस्त्यावरचा उजेड न्याहाळत होता. "बाबा, उलटं बसलंय ते. तुम्ही डिपर देता तेव्हा दिवा वर जातोय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही ज्याला सभ्यपणा दाखवताय, तो आंधळा होतोय."

दुसऱ्या दिवशी बजरंगने जुन्या गाडीचं वायरिंग उलटंच असतं असं, जणू ते अनंतरावांनी केलं होतं अशा सुरात सांगितलं आणि एक काळी डबी बसवली. "रिले टाकला, काका. आता दिव्याला थेट बॅटरीतनं करंट. बटणावर लोडच नाय." डिपर सुलटा झाला. दिवे लावले की रेडिओवर नुसती खरखर ऐकू येऊ लागली, पण हेमाताईंनी तीही सुधारणेतच धरली.

रविवारी विश्रांतवाडीला पोचेपर्यंत सगळं उत्तम झालं. हिंमतरावांचा फ्लॅट तळमजल्यावर होता. वॉचमनने हात हलवत गाडी बरोबर त्यांच्या हॉलच्या खिडकीसमोर लावायला लावली आणि लगेच पाण्याचा टँकर मागे येऊन उभा राहिला. अनंतरावांनी बटण बंद केलं. दिवे चालूच. किल्ली काढली. दिवे चालूच.

"रिले चिकटला असणार. बॅटरीची वायर काढतो," म्हणत सलिलने बॉनेटचा खटका ओढला. खटका तुटक्या तारेसकट त्याच्या हातात आला. बॅटरी बॉनेटखाली होती. गाडी हलवावी, तर टँकरवाला टाकी भरल्याशिवाय जागचा हलणार नव्हता. तेवढ्यात दारात यजमान येऊन उभे राहिले.

"गाडीचे लाइट चालू राह्यले जी," हिंमतराव म्हणाले.

"एलईडी आहेत," अनंतराव म्हणाले, जणू त्यात खुलासा होता.

पाहुणे येणार म्हणून हिंमतरावांच्या पत्नी द्वारकाबाईंनी हॉलला नवे, झिरझिरीत पडदे लावले होते. त्यामुळे उजेडाला आत यायला काही अडचण नव्हती. पाहुण्यांची पाठ खिडकीकडे आणि यजमान समोरच्या सोफ्यावर, भगभगीत झोतात. चहाला बोलावलेल्या माणसांनी घरच्यांनाच चौकशीसाठी बसवलंय, असं ते दृश्य होतं. कोपऱ्यातलं एकुलतं एक जळमट आणि हिंमतरावांच्या मिशीचा ताजा कलप, दोन्ही लख्ख दिसत होती. द्वारकाबाईंनी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची बशी पुढे केली ती अंदाजाने, हेमाताईंऐवजी टेबलावरच्या फुलदाणीपुढे.

प्रियदर्शनी सलिलच्या कानाशी लागली. "टेस्ट केलं नव्हतंस?"

"केलं होतं. लाइव्ह गेल्यावर फुटलं."

शेवटी हिंमतरावांनी खिशातून काळा गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. "राग मानू नका जी. मले तुमचा चेहराच दिसून नाही राह्यला."

"माझा चेहरा मुद्दाम पाहण्यासारखा नाही," अनंतराव म्हणाले.

हा नम्रपणा होता की टोमणा, ते हिंमतरावांना कळेना. खरं म्हणजे अनंतरावांनाही खात्री नव्हती. मग हिंमतराव म्हणाले, "पाहा, आमाले तशी काही घाई नाही. पोरगी अजून लहान आहे."

"आम्हालाही घाई नाही," अनंतराव म्हणाले. "आणि अंतरही बरंच आहे."

सलिलच्या हातातली बशी तशीच राहिली. प्रियदर्शनी उठून आत जायला निघाली. हेमाताई आणि द्वारकाबाई यांची नजरानजर झाली आणि द्वारकाबाई कपाटातून चादर घेऊन आल्या. "अहो, बोलणं मागाहून. आधी हे त्या लाइटांवर टाकून या."

हिंमतराव चादर घेऊन दारापर्यंत गेले आणि वीज गेली.

अख्खी इमारत काळोखात बुडाली. उजेड राहिला तो फक्त हिंमतरावांच्या हॉलमध्ये, आणि तोही असा, की सुईत दोरा ओवता यावा. वरच्या मजल्यावरून आधी पावलं वाजली, मग माणसं आली. बारावीची परीक्षा असलेली एक मुलगी पुस्तक घेऊन दारात बसली. तिसऱ्या मजल्यावरचे बाबुराव पेपर घेऊन थेट सोफ्यावर बसले आणि अग्रलेख उघडल्यावर त्यांनी विचारलं, "एवढा उजेड कुठला काढला हो तुम्ही?"

हिंमतरावांनी गॉगल काढून खिशात ठेवला आणि चादर पाठीमागे लपवली. "व्याह्यांची गाडी आहे आमच्या," ते म्हणाले. "एलईडी."

प्रियदर्शनी आतल्या दारातूनच मागे फिरली. विश्रांतवाडीत आपलं कोणी कौतुक करील अशी कल्पना अनंतरावांनी कधी केली नव्हती, त्यामुळे काय करायचं असतं ते त्यांना चटकन सुचेना. त्यांनी घसा साफ केला.

"रिले टाकलाय," ते बाबुरावांना म्हणाले. "थेट बॅटरीतून करंट. बटणावर लोडच नाही."

त्यानंतर जेवल्याशिवाय जायचा विषयच राहिला नाही. पानं वाढली ती गाडीच्या उजेडात. अनंतराव मधूनमधून खिडकीतून दिव्यांकडे बघत होते. ते विझू नयेत म्हणून आता त्यांच्या जिवाची घालमेल चालली होती. ताक वाढेपर्यंत वीज आली, शेजारी आपापल्या घरी गेले, टँकरही गेला, आणि जबाबदारी संपल्यासारखे गाडीचे दिवे मंद होत विझले. गाडी अर्थातच सुरू होईना.

हिंमतराव, सलिल आणि वॉचमन यांनी धक्का मारला. गाडी आचके देत सुरू झाली, दिवे एकदा डोळे दिपवून गेले, काहीतरी जळल्याचा वास आला आणि दोन्ही एलईडी कायमचे गेले.

"काही टेन्शन घेऊ नका," हिंमतराव घामेजलेला सदरा झटकत म्हणाले. "मी जीप घेऊन पुढं चालतो. तुमी माझ्या मागं मागं या."

अनंतराव आयुष्यात कोणाच्या मागे मागे गेले नव्हते. पण ते गेले. येरवड्याच्या चौकात सिग्नलला हवालदाराने जीपला काही म्हटलं नाही, तिला चिकटून उभ्या असलेल्या आठशेच्या काचेवर मात्र टकटक केली.

"काका, दिवे कुठायत?"

"ते काय, पुढे आहेत," अनंतराव जीपकडे बोट दाखवत म्हणाले.

"ती गाडी तुमची आहे?"

"व्याह्यांची आहे. म्हणजे आमचीच."

सलिल मागून काही बोलणार होता. हेमाताईंनी वळून त्याला खुणेनेच गप्प बसवलं.