निरक्षर सेंटर फॉरवर्ड

दोन्ही पायांनी गोल मारणाऱ्या ललितला भर मैदानात लंगडी घालायला सांगितली, तेव्हाच त्याचं डोकं फिरलं होतं. धुळ्याविरुद्धच्या सामन्याआधी जळगावात संघाचं शिबिर लागलं होतं आणि नवे प्रशिक्षक अभिमन सर पोरांना चेंडूला पायच लावू देत नव्हते. लंगडी घाला, कोलांटउडी मारा, हाताने फेकलेला चेंडू झेला. सर याला शारीरिक साक्षरता म्हणत.

ललित लंगडीत तोल जाऊन बसला. चेंडू हातांमधून निसटून नाकावर आदळला. कोलांटउडी मारताना तर तो आडवा लोळत गोलकीपर मननच्या पायांत शिरला आणि मनन त्याच्या अंगावर पडला.

"अंगाच्या बाबतीत तू निरक्षर आहेस," सर शांतपणे म्हणाले. "हे जमेपर्यंत धुळ्याला बाकावर बसायचं."

"सर, मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गोल माझे आहेत."

"म्हणून बाकावर. नाहीतर घरी पाठवलं असतं."

संतापाच्या भरात ललितने धरणगावला फोन लावला आणि सरांनी सगळ्यांसमोर निरक्षर म्हटल्याचं आईला सांगितलं. पुढचं सांगायला कुंदाबाईंनी त्याला सवडच दिली नाही.

सकाळच्या एसटीने त्या हजर. भिंतीवरून उतरवलेलं ललितचं बी.कॉम.चं प्रमाणपत्र फ्रेमसकट छातीशी धरून थेट मैदानाच्या मध्यभागी.

"मना पोर्‍याले निरक्षर कोनी म्हनं?"

"मी," सर म्हणाले.

"मंग हाई वाचा."

सरांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. "फर्स्ट क्लास. छान. ललित, आता आईंना कोलांटउडी दाखव."

ललितने मारली. या वेळी तो डावीकडे गेला. कुंदाबाई बघतच राहिल्या.

"इतलं बी येत नही तुले? लहानपने काय करे तू?"

आता मात्र ललितच्या रागाचा रोखच बदलला. "काय करू, माय? झाडावर चढलो, की तू म्हणणार, पडशी. भिंतीवर चढलो, तरी पडशी. गिरणा नदीत उतरलो, तं बुडशी. एक फुटबॉल तेवढा जमिनीवर खेळतात, म्हणून खेळू दिला."

मननने हळूच मान डोलावली. त्याला घरच्या गच्चीवरही जायची बंदी होती.

कुंदाबाईंचा चेहरा लाल झाला. त्या सरांवरच घसरल्या. "मंग शिकाडा ना आते. नावं काय ठेवतस?"

सरांनी शिकवायला घेतलं. हनुवटी छातीला लाव, पाठ गोल कर. ललितने हात टेकले, डोकं आत घेतलं, आणि तो उलटा होणार तोच कडेने आवाज आला, "हळू रे, पडशी."

ललित कुशीवर कलंडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच आवाज, पुन्हा तीच कूस.

सरांनी शिट्टी फुंकली, खिशातून लाल कार्ड काढलं आणि कुंदाबाईंसमोर धरलं.

"माले?"

"तुम्हालाच, अक्का. फाटकाबाहेर."

बाईमाणसाला कार्ड दाखवणारा हा कुठला मास्तर, असं तणतणत त्या बाहेर गेल्या. पण एसटी स्टँडकडे न वळता कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या आणि पदराचा बोळा करून त्यांनी तोंडात कोंबला.

ललितने पुन्हा डोकं आत घेतलं आणि या वेळी तो सरळ गेला. उठून पायांवर उभा राहिला, क्षणभर त्याचा त्यालाच विश्वास बसेना. मग जाळीकडे वळून म्हणाला, "माय, पाह्यनं का?"

तोंडात पदर होता, म्हणून कुंदाबाईंना उत्तर देता आलं नाही.