नळकांड्यावरचं रेशीम

गुन्हा घडायच्या आधीच आपल्याला त्याचा वास येतो, असं मामा छातीठोकपणे सांगत. घरातलं दूध करपल्याचा वास मात्र त्यांना आजवर आला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भिंग घेतलं, गळ्यात अडकवलं आणि ते गुप्तहेर झाले. भाचीला मदतनीस नेमलं, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं.

आज मात्र तिचाच जीव टांगणीला लागला होता. कोशातलं रेशीम विरघळवायचं, विजेच्या जोरावर सुईतून त्याचे केसाहून कितीतरी बारीक धागे ओढायचे आणि फिरत्या नळकांड्यावर त्यांचा पापुद्रा जमवायचा, हे प्रयोगशाळेतलं तिचं काम. त्या पापुद्र्यावर पुढे त्वचेच्या पेशी वाढायच्या. दुपारी तो सरांना दाखवला नाही, तर यंत्र दुसऱ्याकडे जाणार होतं. काल संध्याकाळी यंत्र चालू करून ती घरी गेली आणि आज बघते तर नळकांडं रिकामं!

"चोरी!" तिच्या मागोमाग आलेले मामा म्हणाले. "शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याचं काम."

"तो रजेवर आहे, मामा."

"बघ! पळाला!"

मग संशय रेशमाच्या किड्यांवर गेला. आपलं रेशीम न्यायला तेच आले असणार.

"मामा, ते कोशासकट उकळले होते."

"म्हणजे सुडाचा हेतूही आहे!"

भाचीनं कपाळावर हात मारला.

"घाबरू नकोस. गुन्हेगार घटनास्थळी परत येतोच."

इतक्यात दारात मामी उभी. "काल हिच्यासाठी डबा पाठवला होता, तो कुठंय?"

"दुपारी आणला, तर ही जागेवर नव्हती. मग त्या काचेच्या कपाटात ठेवला," मामा म्हणाले. "उबदार वाटलं."

ते काचेचं कपाट म्हणजेच यंत्र. मामीनं दार उघडून नळकांड्यामागून पांढरंफटक काहीतरी बाहेर काढलं. "अगंबाई, बुरशी धरली की याला!" म्हणत ती तडक नळाकडे निघाली.

"मामी, पाणी नको! विरघळेल!" भाची किंचाळली.

डब्यावर सायीसारखा अख्खा पापुद्रा बसला होता. धागे नळकांड्याकडे खेचणाऱ्या विजेच्या तारेचा चिमटा निघाला होता, म्हणून धाग्यांनी जवळच्या डब्याचं स्टील गाठलं होतं. भाचीनं आनंदानं मामीला मिठीच मारली. चिमटा मात्र कुठे सापडेना.

मामीनं नवऱ्याच्या गळ्याकडे बोट दाखवलं. भिंगाची तुटलेली दोरी त्याच चिमट्यानं जोडलेली होती.

"काल इथेच तुटली," मामा पुटपुटले. "हाताशी होता, लावला."

मामांनी घसा खाकरला, भिंग पुसलं आणि छाती पुढे काढली.

"मी म्हणालो नव्हतो? गुन्हेगार परत येतोच!"