राणीचा उजवा हात

साचेवाल्या काकांशी काकूंनी आठ दिवसांपासून बोलणं टाकलं होतं आणि खरी गंमत अशी, की काकांना ते सहाव्या दिवशी कळलं. तोवर त्यांना वाटत होतं, घरात हल्ली बरी शांतता आहे.

दोघं एकाच मालिकेच्या सेटवर कामाला होती. काका प्लास्टरचे साचे काढायचे; पुतळे, मुखवटे, राक्षसांची नाकं. काकू शिवणखात्यात. मालिकेतल्या रणरागिणी राणीचं चिलखत त्यांनीच शिवलेलं. तीनशे खवले, एकेक हातानं टाचलेला, तीन आठवडे मान मोडून. राणी ते घालून पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "डावा खांदा जरा सैल वाटतो."

झालं! काकूंनी त्याच दिवशी खांदा आवळला, तोंडही आवळलं आणि परगावच्या नाटक कंपनीची नोकरी, जिला त्या वर्षभर नाही म्हणत होत्या, एका फोनवर पत्करली. आज त्यांचा इथला शेवटचा दिवस. पाचची गाडी. भरलेली बॅग शिलाई मशीनखाली ठेवलेली. काका सकाळपासून त्या बॅगेकडे बघत होते. 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं, पण सव्वीस वर्षांत असलं काही म्हणायची सवय नाही, त्यामुळे त्यांनी तीनदा चहा प्यायला.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. मालिकेचा शेवटचा भाग उद्या होता. त्यातल्या प्रेमाला शाप होता: राणीनं तोंडानं प्रेम कबूल केलं, की तिचा प्रियकर दगड होणार. म्हणून बिचारी ऐंशी भाग गप्प. उद्या ती एकदाची बोलणार, तो दगड होणार आणि त्याच्या हातात गुंतलेला तिचा उजवा हातही. त्या दोन हातांचा साचा आज हवा होता.

"मला प्लास्टरनं पुरळ उठतं हं," राणी म्हणाली. नायक दुसऱ्या सेटवर अडकलेला.

दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं. त्याला काकूंचा हात दिसला. बोटांवर सुईचे टोचे, अंगठ्याला कात्रीचा घट्टा.

"हा! हा खरा योद्ध्याचा हात! काकू, बसा. काका, तुम्ही शेजारी. तुमचे हात तसेही दगडी आहेत."

बसले बिचारे. एकाच बाकावर, तिचा उजवा हात याच्या डाव्या हातात. नाकं दोन दिशांना.

"दोरा," काका म्हणाले.

साच्याची रीत अशी: हाताला व्हॅसलीन लावायचं, त्यावरून कडेकडेनं एक दोरा ठेवायचा आणि वरून ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. प्लास्टर आळत आलं, की दोऱ्याची दोन टोकं धरून खेचायचं. साचा मधोमध चिरतो, हात मोकळे. काकूंनी डब्यातून दोरा काढून दिला. गेली सव्वीस वर्षं त्याच देत होत्या. पुढचं काम मुकाट्यानं झालं. काकू डाव्या हातानं पट्टी भिजवायच्या, काका उजव्या हातानं गुंडाळायचे.

वेळ झाली. काकांनी दोरा खेचला.

टक्.

वीतभर तुकडा हातात आला. बाकीचा प्लास्टरच्या पोटात.

"फोडतो," काका म्हणाले.

"खबरदार!" दिग्दर्शक ओरडला. "प्लास्टर संपलंय! दुसरा साचा कुठून आणू? बारीक करवतीनं नीट कापा."

करवत सुताराकडे. सुतार लाकूड आणायला गेलेला. तीन वाजले होते.

"पाचची गाडी आहे माझी," काकू भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या.

त्याच वेळी राणीनं तालमीत तलवार उगारली आणि डाव्या खांद्याची शिवण फर्रकन उसवली. खांदा सैल होता कुठे! होता तो बरोबर. रागानं आवळला म्हणून फाटला. पाच खवले जमिनीवर आणि चिलखत उतरवायला अर्धा तास.

"अंगावरच टाका घाला ना काकू," राणी रडकुंडीला आली.

"कशानं घालू? उजवा हात दगडाचा झालाय माझा."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. शिवणखात्यात दुसरं कुणी नव्हतं आणि त्या जोडीत मोकळा उजवा हात तेवढा एकच.

मग काकूंनी डाव्या हातानं कापड धरलं आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सुई हातात घेतली. राणीच्या खांद्यापाशी दोघं एकमेकांना बांधलेली, हलली तरी एकत्रच हलत होती.

"खालून घाला. खालून हो! पोतं शिवताय का?"

"आई गं! टोचली."

"टोचणारच. सुई आहे ती."

पहिला खवला लागायला वीस मिनिटं लागली. दुसरा उलटा लागला. तिसऱ्याला काकांच्या कपाळावर घाम आला. चौथ्यानंतर ते थांबले. बोटाला तीन ठिकाणी रक्त होतं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "असे तीनशे लावलेस तू?"

काकूंनी पाचवा खवला पुढे केला.

राणीला मान हलवायची सोय नव्हती, म्हणून ती समोर बघत आपलं वाक्य पाठ करत होती. "बोलले तर दगड होशील म्हणून गप्प राहिले रे..."

"बघा," काकू म्हणाल्या, "तिला निदान शाप तरी आहे. तुम्हाला काय झालंय?"

काकांनी पाचवा खवला लावला, गाठ मारली आणि सुईकडेच बघत म्हणाले, "खांदा सैल नव्हता. सुरेख होता. मला तुझं सगळंच सुरेख वाटतं, आणि काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून काहीतरी बोललो. जाऊ नकोस."

राणीनं श्वास रोखला. काका दगड झाले नाहीत. फक्त कानापर्यंत लाल झाले.

साडेचारला सुतार करवत घेऊन धावत आला. "दहा मिनिटांत मोकळं करतो काकू! गाडी मिळेल तुम्हाला!"

"घाई कशाला?" काकू म्हणाल्या. "सावकाश कापा. साचा मोडायला नको."

सुतारानं इतकं सावकाश कापलं, की सव्वापाच वाजले. साचा सुरेख निघाला. सगळे तो घेऊन गेल्यावर काकूंनी नाटक कंपनीला फोन करून येणं जमत नाही म्हणून कळवलं आणि मशीनपाशी जाऊन बसल्या.

काका पसारा आवरत होते. तो तुटका दोरा त्यांच्या हाती लागला. त्यांनी तो उजेडात धरला, बोटांत ओढून पाहिला. टक्. धावदोरा घालायचा कच्चा दोरा होता तो, नुसत्या ओढीनं तुटणारा. साच्याला लागतो मेण लावलेला, चिवट. दोन्ही रिळं काकूंच्या डब्यात शेजारी असायची.

"अगं, हा तर कच्चा दोरा दिलास तू!"

"हो का?" काकू म्हणाल्या. "दिसलं नसेल. चष्मा बदलायला झालाय वाटतं."

आणि मान वर न करता, बोलता बोलता, त्यांनी बारीकातल्या बारीक सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवला.