दात बघून दिलेलं काम

सांगून ठेवतो, मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! उदगीरजवळच्या हाळी गावच्या जनावरांच्या बाजारात मी उभी हयात दलाली केली. बैल चार पावलं चालला की त्याचा कोणता खूर दुखतो, हे सांगावं तर या गुरुपादप्पानं! शिंगं घासून, तेल लावून म्हाताऱ्या बैलाला नवरदेव करणारे भले भले इरसाल लोक मला लांबून बघून वाट बदलायचे. असा मी! आणि अशा मला एका पोरानं टॉवेलासकट गुंडाळला. ऐकाच!

माझी नात अंजू आणि तिची अज्जी, म्हणजे माझी दानम्मा, या दोघींनी घरात कडक भाकरीचा धंदा काढला. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजून वाळवून कडक करायची. महिनाभर टिकते, आणि खाताना असा आवाज होतो की शेजारच्याला वाटावं, कौलं फुटली! उदगीरात खप बरा होता, पण अंजूची नजर नांदेडवर. तिथं बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि विरूपाक्षशेठ नावाचे बडे दुकानदार माल बघायला येणार होते. त्यांनी माल धरला तर धंदा उभा राहिला. नाही धरला तर अंजूच्या बापानं तिला सांगूनच ठेवलं होतं, परात माळ्यावर टाक आणि बँकेच्या परीक्षेला बस.

शेठला साधी पिशवी चालत नव्हती. खोका पाहिजे, खोक्यावर झकास चित्र पाहिजे!

"अज्जा, मोबाइलवर चित्रकार मिळतात," अंजू म्हणाली. "एक ॲप हाय. काम सांगायचं, पैसे ॲपकडं ठेवायचे. काम पसंत पडलं की ॲप त्याला पैसे देतं, आपलं थोडं कापून घेतं."

"म्हणजे दलाल!"

"हाव, तसंच."

"मग हा व्यवहार माझा! तू भाकरी बघ."

अंजूचा चेहरा जरा उतरला, पण ती नाही म्हणाली नाही. साठी उलटल्यावर मला बाराखडी हिनंच शिकवली होती, स्वतः चौथीत असताना, हातात फूटपट्टी घेऊन! तिचं एक तरी काम आपल्या हातून धडाक्यात व्हावं, असं मला फार वाटे.

दानम्मा चुलीपाशून म्हणाली, "अवो, ते चित्रकार हायत. बैल न्हाईत."

"व्यवहार सगळे सारखेच!" मी म्हणालो.

ॲपवर पहिलं नाव निघालं सबिहा, राहणार नांदेड. तिनं कळवलं, "आधी माझी चित्रं बघून घ्या." मी म्हटलं, चित्रं मागाहून! माल बघायच्या आधी मालक बघावा, ही माझी पद्धत. व्हिडिओ कॉल लावला. डोक्यावर ओढणी, हातात पेन्सिल, पोरगी चुणचुणीत दिसली. तिनं भाव सांगितला. मी निम्मा केला. ती ढिम्म! खुंट्यासारखी एका जागी! मग मी ठेवणीतला प्रश्न काढला.

"पोरी, जरा दात दाखव बघू."

"काय?"

"दात! दातावरून सगळं कळतं मला."

"आजोबा, मी चित्रं काढते. कडबा खात न्हाई!"

फोन बंद!

भाव उतरवत नाही, दात दाखवत नाही. माझ्या हिशोबानं हे खोडीचं जनावर! तिला बाद केली.

दुसरा निघाला डिझायनर विकी. डोळ्यांवर काळा चष्मा, बसायला गरगर फिरणारी खुर्ची, आणि बोलणं कसं, गुळाच्या पाकात बुडवून काढलेलं!

"दात? जरूर अंकल!" म्हणत त्यानं आ केला.

अहाहा! काय ते दात! मक्याच्या दुधाळ कणसावर दाणे बसावेत तसे, एकाला एक लागून, पांढरेशुभ्र! मी म्हटलं, आता चालून दाखव. तो खोलीभर चालला, वळला, परत आला. कुठं लंगड नाही, कुठं अडखळ नाही.

"आता तुम्ही पण दाखवा अंकल," तो म्हणाला. "भरवसा दोन्हीकडून पाहिजे."

मला हे इतकं पटलं म्हणता! पानानं रंगलेले, मधूनमधून खिंडी पडलेले माझे दात मी कानापर्यंत फाकून दाखवले.

"असेच राहा अंकल, हलू नका!"

मी राहिलो. किती बारकाईनं बघतो पोरगा, म्हणून मला आदरच वाटला!

मग भाव. भाव मी तोंडानं बोलत नसतो. आमच्या बाजारात दोघं जण टॉवेलाखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मी मोबाइलवर टॉवेल पांघरला, खाली हात घातला आणि बोटं दाखवली. त्या अंधारात त्याला काय दिसलं देव जाणे, पण आतून आवाज आला, "मंजूर अंकल!"

एका फटक्यात मंजूर! मी टॉवेलाबाहेर येऊन दानम्माकडं बघितलं. तिनं भाकरी उलटली.

"पण अंकल," विकी म्हणाला, "मधे ॲप कशाला? फुकटची दलाली खातात लोक. मला सरळ पाठवा, मी अजून कमी करतो."

आता इथं मी थांबायला पाहिजे होतं. दलालाला चुकवून, बाजारामागच्या लिंबाखाली परस्पर सौदा करणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. 'उद्या बैल बसला तर कुणाची मान धरशील?' हे माझंच वाक्य! माझीच चूल त्या दलालीवर पेटली. आणि मी काय म्हणालो?

"खरंय बाबा! दलाल म्हणजे नुसते लुटारू!"

पैसे सरळ गेले. आणि संध्याकाळी चित्र आलंसुद्धा! मी टाळीच वाजवली. विकीला मी दानम्माचा फोटो पाठवला होता, हिचंच चित्र काढ म्हणून. चित्रात एक आजीबाई दोन्ही हातांनी भाकरी मोडून राहिली होती आणि अशी हसत होती की बघणाऱ्याला भूक लागावी.

"दानम्मा, ये, बघ! हुबेहूब तू!"

दानम्मानं हात पुसले, चित्र बघितलं आणि म्हणाली, "ही मी न्हाई."

"तूच आहेस!"

"माझं नाक असं हाय?"

"तुला तुझं नाक काय ठाऊक? तू आरशात कधी बघतीस? मी बघतो रोज!"

"आन् ह्या कोपऱ्यात काय पुसल्यावानी दिसून राहिलं?"

"पीठ आहे ते! भाकरीचं चित्र आहे, पीठ सांडणारच!"

दुसऱ्या दिवशी विकीचा निरोप आला. चित्राची मूळ फाइल वेगळी, तिचे पैसे वेगळे.

"अज्जा, हे कसं काय?" अंजू म्हणाली.

"बरोबरच आहे! बैल विकताना मालक दावं देतो का? दावं त्याच्याच दावणीला राहतं. पाहिजे तर पैसे टाका!"

टाकले. दाव्याचे पैसे देणारा उभ्या बाजारात मी पहिलाच असेन. दावं काही आलं नाही. विकीचा फोनही लागेना. मी म्हटलं, दमला असेल पोरगा, चित्र तर आपल्या हातात आहे! उदगीरातच पाचशे खोके छापून घेतले. एसटीत बसून नांदेडला जाताना मी कंडक्टरला, मागच्या बाकावरच्यांना, एका पेंगणाऱ्या मास्तरलासुद्धा खोका दाखवला आणि माणूस कसा पारखावा ते समजावून सांगितलं.

प्रदर्शनात आमचा स्टॉल असा सजला म्हणता! खोक्यांची ही उतरंड! विरूपाक्षशेठ आले, भाकरी मोडली, कड्कन आवाज झाला. शेंगाचटणी लावून खाल्ली. खोका फिरवून फिरवून बघितला.

"भाकरी लई झकास. आन् खोका तर त्याहून झकास. हे आजीचं हसू माल विकतंय बघ पोरी!"

अंजूचा चेहरा दिव्यासारखा उजळला. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगे मा! ही तर मी हाय!"

वळून बघतो तर काय! खोक्यावरची आजीबाई खोक्याबाहेर उभी! तेच नाक, तेच डोळे! फक्त हसत नव्हती.

"सबिहा! ए सबिहा! इकडं ये गे! पाचशे जागी मला टांगलंय या लोकांनी!"

गर्दीतून ओढणी सावरत एक पोरगी आली. तिनं खोका बघितला. मग मला बघितलं. तिचे डोळे बारीक झाले.

"कडबावाले आजोबा! तुम्ही?"

मी आवाज चढवला. "हे चित्र माझ्या बायकोचं आहे!"

"ही माझी नानी हाय, चांदबी," सबिहा म्हणाली. "अन् हे चित्र मी काढलंय." तिनं मोबाइल समोर धरला. तेच चित्र, तीच भाकरी. आमच्या खोक्यावर जिथं पीठ सांडलं होतं, तिथं हिच्याकडं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, सबिहा. "माझ्या नमुन्यांत हे पहिलंच होतं. म्हटलं होतं ना, आधी चित्रं बघा? कुणी तरी उचललं, नाव पुसलं अन् तुम्हाला विकलं."

दानम्मा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "नाक माझं न्हाई म्हणलं होतं मी."

"पण मी पैसे मोजलेत! विकीला!" मी ओरडलो.

"मग सोपं हाय," सबिहा म्हणाली. "ॲपवर तक्रार करा, पैसे परत मिळतात. ॲपमधूनच दिलेत ना?"

अंजू माझ्याकडं बघायला लागली. "ॲपमधूनच दिले ना, अज्जा?"

मी वर मांडवाचं कापड बघितलं. फार छान कापड होतं.

"परस्पर," मी म्हणालो.

अंजू ओरडली असती तर बरं झालं असतं. फूटपट्टी मारली असती तरी चाललं असतं. तिनं उतरंडीवरचे खोके एक एक करून खाली काढायला सुरुवात केली.

विरूपाक्षशेठनं हात झटकले. "पोरी, भाकरीला नाव ठेवायला जागा न्हाई. पण भांडणाचा माल मी दुकानात ठेवत न्हाई. एक चक्कर मारून येतो. तवर मिटलं तर बघू."

एक चक्कर! एवढ्यात मिटवायचं होतं! मी खांद्यावरचा टॉवेल ओढला, हात पुढं केला. "बोल पोरी, काय भाव?"

चांदबी मधे आली. "हट! तुमी पोरीचे दात मागणारे! तुमच्याशी सौदाच न्हाई. घरवाला मेल्यापासून नांदेडच्या बाजारात बकरे मीच विकते. असले लई दलाल बघितलेत!"

संपलं सगळं, असं मला वाटलं. तर दानम्मा उठली. माझ्या हातातला टॉवेल बाजूला सारला, आपला पदर सोडला आणि चांदबीच्या पुढ्यात पसरला.

"ये बाई. आपण बोलू."

चांदबीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदराखाली हात घातला.

मी बघतच राहिलो! "तुला बोटांचा भाव कुठून येतो?"

"रोज जेवताना ताटावर बोटांनी समदा बाजार दाखवून राहिलात की!" दानम्मा म्हणाली. "आता गप बसा."

मग जुंपली! पदर इकडं हलला, तिकडं हलला. चांदबीच्या भुवया चढल्या. दानम्माच्या नाकाला घाम फुटला. चांदबीनं मान उडवली, हात काढून चार पावलं चालू लागली, परत आली, परत हात आत! मी जरा मान लांब केली तर दानम्मानं मोकळ्या हातानं माझी मान मागं ढकलली. शेवटी दोघी एकदम हसल्या. अगदी खोक्यावरच्या चित्रासारख्या! चांदबी सबिहाच्या कानात पुटपुटली. सबिहानं अंजूकडं बघितलं, हातातला खोका बघितला आणि मान डोलावली.

"पेन हाय का गं?" तिनं अंजूला विचारलं.

दोघी पोरी खाली मांडी घालून बसल्या. अंजू खोके पुढं सरकवायची, सबिहा त्या पिठाच्या डागावर आपलं नाव लिहायची. चांदबी स्टॉलवर उभी राहून भाकऱ्या मोडून लोकांना द्यायला लागली. मग काय विचारता! खोक्यावरची आजी समोर उभी राहून भाकरी देतीये म्हटल्यावर गर्दी लोटली! लोक तिच्याबरोबर फोटो काढायला लागले! शेठ चक्कर मारून आले, तर त्यांना आत शिरायला जागा मिळेना.

"मिटलं?"

"मिटलं!" अंजू, सबिहा, चांदबी, दानम्मा, चौघी एकदम म्हणाल्या. मला कुणी विचारलंच नाही.

शेठनं माल धरला! दर महिन्याचा! परात माळ्यावर गेली नाही.

परतीच्या एसटीत मी हळूच विचारलं, "दानम्मा, शेवटी ठरलं किती?"

"कापडाखालचा भाव कुणी सांगतं का?" ती म्हणाली. हेही माझंच वाक्य. अंजूला विचारलं तर ती खिडकीबाहेर बघून हसली. आजतागायत मला कळलेलं नाही. अंजूची सगळी चित्रं आता सबिहा काढते, ॲपमधून, दलाली रीतसर कापून.

परवा सबिहाचा फोन आला. "आजोबा, तुमचा विकी सापडला!"

"कुठं? धर त्याला!"

"तो न्हाई, त्याचं काम सापडलं. मोबाइल बघा."

मी चष्मा लावून बघितलं. दात स्वच्छ करायच्या कसल्याशा पावडरीची जाहिरात होती. दोन तोंडं शेजारी शेजारी. उजवीकडं ते कणसासारखे दात, खाली लिहिलेलं, 'नंतर'. आणि डावीकडं, कानापर्यंत फाकलेलं, पानानं रंगलेलं, खिंडी पडलेलं तोंड. खाली ठळक अक्षरात, 'आधी'.

माझं तोंड! सगळ्या महाराष्ट्राला दिसेल असं!

मी गरजलो, "सबिहा, पोरी! मी त्याच्यापुढं तसाच बसलो, हललो नाही, म्हणजे काम केलं की नाही? माझ्या दातांचे पैसे मी कुणाकडं मागायचे?"

पलीकडून ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, "आजोबा, ॲपमधून ठरलं होतं का?"