जिन्यातलं टेबल

"हे टेबल वर गेलं की दोन्ही विभाग एक झालेच म्हणून समजा," मॅनेजर म्हणाले. टेबल तेव्हा जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. वरही जात नव्हतं, खालीही येत नव्हतं.

वर हिशेब विभाग, खाली गोदाम. दोघांत विस्तव जात नव्हता. खालचा पंखा खडखडतो, हेसुद्धा वरचे लोक मॅनेजरांमार्फत कळवत. शेवटी मोठ्या साहेबांनी बजावलं, "पुढच्या सोमवारी येतो. असंच चाललेलं दिसलं तर गोदाम दुसऱ्या गावी हलवतो." म्हणून सगळ्यांना एकत्र बसवायला मॅनेजरांनी हे लांबलचक टेबल आणवलं होतं.

"माप घेतलं होतं ना?"

"टेबलाचं घेतलं होतं," वरून हिशेबाच्या बाई म्हणाल्या.

"जिन्याचं आम्ही घेतलं होतं," खालून गोदामाचे मामा म्हणाले.

"मग एकमेकांना सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही," दोघं एकदमच म्हणाले. मॅनेजरांना तेवढ्यातही बरं वाटलं. निदान एकमत तरी झालं.

सुताराने येऊन टेबल ठोकून पाहिलं. "पाय काढावे लागतील. शुक्रवारी येतो."

"तोवर काय करायचं?"

"वाकून जायचं."

सगळे टेबलाखालून जाऊ-येऊ लागले. कागद घेऊन रांगणं जमेना, म्हणून बाईंनी वरच्या पायरीवर बैठक मारली, मामांनी खालच्या. कागद टेबलावरून सरकू लागले.

"मामा, खोकी कमी का लिहिलीत?"

"फुटली काही."

"मग तसं सांगायचं."

"आता सांगितलं की."

दुपारी बाईंनी तिथेच डबा उघडला. मामांनी बिस्किटांचा पुडा काढला.

"डबा नाही आणला?"

"करणारी गेली."

"कधी?"

"वर्ष होईल आता."

बाईंनी हातातला घास डब्यात ठेवला. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही वर असता," मामा म्हणाले.

बाईंनी अर्धा डबा पलीकडे सरकवला. दुसऱ्या दिवसापासून त्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळेना.

शुक्रवारी सुताराने पाय काढले, टेबल वरच्या हॉलमध्ये नेलं आणि पाय पुन्हा बसवले. एका टोकाला हिशेब, दुसऱ्या टोकाला गोदाम आणि मधोमध मॅनेजर. "बोला, अगदी मोकळेपणाने बोला," ते म्हणाले. हिशेबाच्या लोकांनी आपापले डबे मांडीवर उघडले. मामांनी भिंतीकडे तोंड करून पुडा फोडला.

सोमवारी मोठे साहेब आले, तर टेबल पुन्हा जिन्यात.

मॅनेजरांना घाम फुटला. "हे कुणी केलं?"

"गोदामाला विचारा," बाई म्हणाल्या.

"हिशेबाला विचारा," मामा म्हणाले.

दोघांचेही चेहरे अगदी कोरे होते. मोठ्या साहेबांनी टेबल हलवून पाहिलं. ते जागचं ढळलं नाही. मग भिंतीवरून हात फिरवला. "एवढं जड टेबल, आणि भिंतीला साधा ओरखडा नाही. माप कुणी घेतलं?"

"टेबलाचं मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"जिन्याचं मी," मामांनाही राहवलं नाही.

मोठे साहेब आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिले. "गोदाम इथेच राहू दे," ते मॅनेजरांना म्हणाले, आणि पँट गुडघ्यापाशी वर ओढून टेबलाखाली वाकले.