सासूबाईंची मूळ फाइल

सासऱ्यांचे लाकडी स्पीकर कोणत्या जावयाला द्यायचे, हे सासूबाई त्या रविवारी ठरवणार होत्या. धाकट्या जावयांच्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. थोरले जावई गाणी ऐकत ती मोबाइलवर, तोही रिकाम्या पेल्यात उभा करून. अशा माणसाकडे स्पीकर गेले, तर त्यांच्यावर कुंड्या येणार हे ठरलेलं.

"आई, गेल्या महिन्यात तुम्ही गायलात, ते मी सगळ्यांना पाठवलं होतं," धाकट्यांनी सुरुवात केली. "पण मोबाइलवर जाताना त्याचा पार चेंदामेंदा झाला. फाइल लहान करायची म्हणून बारीक आवाज सरळ कापून टाकतात. माझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग आहे."

"मला तर छान वाटलं," थोरले म्हणाले. "रोज ऐकतो."

"तेच तर दुखणं आहे, साडूभाऊ!"

आधी मोबाइलमधली प्रत वाजली, मग मूळ. फरक कोणालाच कळेना. धाकट्यांनी पंखा बंद केला, मग फ्रिज, मग खिडक्या लावल्या. सासूबाईंना खुर्चीसकट दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध सरकवलं. थोरल्यांच्या टकलावरून घाम ओघळू लागला, तेव्हा रुमालाचा आवाज होतो म्हणून तो पुसायलाही बंदी आली.

"काही कळतंय का, आई?"

"उकडतंय, एवढं कळतंय."

धाकटे इरेला पेटले. आवाज त्यांनी शेवटपर्यंत वाढवला. "आता फक्त दोन कडव्यांमधली शांतता ऐका. मोबाइलमध्ये तिचा मुडदा पडतो. इथे खोली ऐकू येईल, माणसं ऐकू येतील!"

पहिलं कडवं संपलं. सासूबाईंनी घेतलेला श्वास खरोखरच ऐकू आला. त्यामागोमाग डाव्या स्पीकरमधून धाकट्यांचाच स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

"अजून किती कडवी आहेत गं? या वयात यांना दम पुरतो तरी कसा?"

उजव्या स्पीकरमधून त्यांच्या बायकोने उत्तर दिलं.

"गप्प बसा हो. स्पीकर हवेत ना? मग मान डोलवा."

बायको चहा ठेवायला म्हणून जी आत गेली, ती बाहेर आलीच नाही. धाकट्यांनी बटणाकडे झेप घेतली.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "पुढची कडवीही ऐकायचीत मला."

त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. धाकट्यांचे कान लालबुंद झाले होते.

"फरक कळला हो," गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या. "अगदी लख्ख ऐकू येतं."

"मग... स्पीकर?" धाकट्यांना राहवलंच नाही.

"ते थोरल्यांना. आणि मला ती मोबाइलमधलीच प्रत लावून द्या. तिच्यात आपली माणसं फार सभ्य वाटतात."