थोरल्या जावयाच्या मागची मोटार

"ह्या बसवजयंतीला धूळ आपण खायची न्हाय! ह्या वर्षी ती थोरले खातील!"

चनबसप्पानं हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि समोर कमलम्मा भाजीचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"शब्द द्या."

"दिला!" तो म्हणाला, आणि तुकडा तोंडात टाकला. पोटभर जेवत असताना माणूस फार उदार होतो, त्यातलाच हा प्रकार.

आता ही धूळ कसली, ते सांगायला हवं. अक्कलकोटच्या गुरम्माच्या दोन्ही मुली सोलापुरात दिलेल्या. थोरली बसव्वा सुताचे व्यापारी रेवणप्पा यांच्या घरी, धाकटी कमलम्मा आपल्या पेंडवाल्या चनबसप्पाच्या घरी. दर बसवजयंतीला दोन्ही जावयांना सासुरवाडीला आमरसाचं जेवण. निघायचं दोघांनी मिळून, आपापल्या मोटारीतून. पुढं रेवणप्पांची ऐसपैस बंद गाडी, मागं चनबसप्पाचा खटारा, जो जरा चढ आला की माणसं खाली उतरवायचा. कुंभारी-वळसंगचा तो रस्ता वैशाखात पिठाच्या गिरणीसारखा. रेवणप्पांची गाडी धूळ उडवायची आणि चनबसप्पाची ती गोळा करायची. बसव्वा सासरहून निघाली तशीच माहेरी उतरायची, आणि कमलम्मा उतरायची ती वीटभट्टीवरून आल्यासारखी. गेल्या वर्षी तर कहर झाला. गुरम्मानं पोटच्या पोरीला दारात विचारलं, "कोण पायजे बाई तुला?"

कमलम्मा तेव्हा हसली, पण घरी आल्यावर रडली. "असं तोंड घिऊन मी माहेरी पुन्हा न्हाय जायची," म्हणाली. आणि तिचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! वर्षभर अक्कलकोटचं कुणी भेटलं, की ती आईची चौकशी करायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत बसायची. चनबसप्पाला ते बघवत नव्हतं. बायकोवर त्याचा जीव होता.

तुम्ही म्हणाल, अंतर ठेवून मागून जावं की. पण मग सासुरवाडीला गाडी पोचण्याआधी 'धाकट्याची मोटार बंद पडली' ही बातमी पोचायची. तेव्हा उपाय एकच. थोरल्याच्या पुढं काढणारी गाडी घ्यायची. नवी परवडणारी नव्हती. जुनी, पण दमदार गाडी बघायची आणि तिच्यात आणखी दम भरून घ्यायचा, असं ठरलं.

दम भरणारा माणूस म्हणजे स्टेशनाजवळचा इमामसाब मिस्त्री. मोटारीत ताकद भरायची म्हटलं, की हा गडी जेवणखाण विसरायचा. दोघं मिळून गाडी शोधायला निघाले.

पहिली गाडी एका डॉक्टरांची. स्वच्छ, चकचकीत, आत औषधांचा वास. चनबसप्पाला पसंत पडली. इमामसाबनं इंजिनाला कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"नक्को, सेठ. ये दवा पिको चलती."

दुसरी एका जहागीरदारांची. लांबी एवढी, की पुढचा माणूस गल्लीबाहेर पडला तरी मागचा आतच. ताकद होती, पण पेट्रोल असं प्यायची की बरोबर टाकी ओढणारी बैलगाडी हवी!

तिसरी गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबाची. साहेब विलायतेला परत निघाला होता. लांब नाकाची, बसकी, दोनच माणसांची गाडी. मुंबईला शर्यतीत धावली होती म्हणे. इंजिन सुरू झालं तशी इमामसाबनं छातीवर हात ठेवला.

"इंजन हैसो शेर है, सेठ! बस, जरा भूका है."

चनबसप्पा मात्र व्यापारी माणूस. त्यानं परीक्षा घ्यायची ठरवली. तो, कमलम्मा आणि माहेरी न्यायच्या टोपल्या, या सगळ्यांच्या वजनाइतकी पेंडीची पोती त्यानं गाडीत रचली आणि चढावर नेली. शेर चढला! खुशीत घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं, तिथंच चुकला.

"मंजी मी किती पोती?" कमलम्मानं विचारलं.

"दीड... न्हाय न्हाय, एकच! अन् ते बी सैल भरलेलं!"

त्या रात्री त्याला भाजी वाढली गेली नाही. गाडी मात्र दारात आली.

मग इमामसाबनं दम भरायला सुरुवात केली. इंजिनाचं डोकं घासून आतला दाब वाढवला. मोठा कार्ब्युरेटर बसवला. "सायलेन्सर? वो तो शेर का गला दबाता!" असं म्हणत सायलेन्सर कापला आणि सरळ नळी मागं काढली. शेजारच्या गल्लीतल्या म्हशीनं त्या दिवसापासून दूध चोरलं. मग वजनाची पाळी. टप काढला. चाकांवरच्या चिखलाच्या चारी पाखा, म्हणजे मडगार्ड, काढल्या.

"अन् ही म्होरची काच?" चनबसप्पानं विचारलं.

"हवा रोकती, सेठ."

"पर धूळ आली तर?"

इमामसाबनं त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "सेठ, आगे रहनेवाले को धूळ कैसी?"

काच निघाली.

बसवजयंतीची सकाळ उजाडली. कमलम्मानं नवंकोरं इरकली लुगडं नेसलं, केसात मोगरा माळला, आईसाठी घेतलेली जाड चादर मांडीवर घेतली आणि वर्षानं प्रथमच गाणं गुणगुणत गाडीत बसली. रेवणप्पांनी येऊन काच नसलेली, टप नसलेली ती गाडी सगळीकडून पाहिली आणि सावकाश विचारलं, "चनबसप्पा, बाकीची मागनं येनार हाय व्हय?"

चनबसप्पा गालात हसला. म्हटलं, कळेल.

कुंभारी मागं पडली, रस्ता मोकळा झाला, समोर रेवणप्पांच्या गाडीचा लोट उठला. चनबसप्पानं पाय दाबला. काय सांगावं! गाडी अशी उसळली, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिचं नाक रेवणप्पांच्या मागच्या चाकाशी. पुढं स्वच्छ हवा, स्वच्छ रस्ता! कमलम्मा आनंदानं हसली. हसत हसत तिनं शेजारी पाहिलं. दुसऱ्या गाडीच्या खिडकीत बसव्वा अक्काचा चेहरा होता. कमलम्माचं हसू मावळलं आणि तिनं नवऱ्याचा दंड गच्च धरला.

"अवो! काय करताय?"

"म्होरं जातोय!"

"कुणाच्या?"

"थोरल्यांच्या! शब्द दिलाय न्हवं?"

"दाजींच्या म्होरं? माझ्या आईच्या दारात धाकटा जावई आदी उतरनार? आईनं थोरल्यांना टाकून तुमाला ववाळायचं? अय्यो! गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? मागं घ्या आदी!"

चनबसप्पाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "अगं, मग ही गाडी मी घेतली कशाला? हिच्यात दम भरला कशाला?"

"मला वाटलं, तुमी दुसरीच कायतरी युक्ती केली. मोटारीतलं मला काय कळतंय?"

"अन् तुजं लुगडं?"

कमलम्मानं लुगड्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लुगडं धुता येतंय. अक्काचा मान कुटनं आनायचा?"

चनबसप्पानं गाडी मागं घेतली. शर्यतीत धावलेला शेर थोरल्या जावयाच्या मागून, पहिल्या गिअरात, फटाफट बार काढत चालू लागला. डोक्यावर टप नाही, समोर काच नाही, चाकांना पाखा नाहीत. पूर्वी धूळ फक्त समोरून यायची, आता ती चारी बाजूंनी आली, आणि वरची बाजू उरली होती, तिथूनही आली. थोड्याच वेळात मोगरा कुठला आणि कमलम्मा कुठली, हे सांगणं अवघड झालं. चनबसप्पाला मनापासून वाईट वाटत होतं, आणि ते तोंड उघडून सांगायची सोय नव्हती!

वळसंग गेलं, अक्कलकोट जवळ आलं, आणि रेवणप्पांची गाडी धापा टाकत थांबली. ते उतरले, इंजिनावरचं झाकण उघडून त्यांनी आत बराच वेळ पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

"दमली," ते म्हणाले. "दोर हाय का रं?"

चनबसप्पा एकदम खुलला. दोर बांधायचा म्हणजे ओढणारा पुढं! आता तर खुद्द थोरलेच म्हणताहेत! तो दोर काढायला धावला, तोच दोन्ही बहिणी एकदम कडाडल्या.

"दोरीला बांदून न्यायचं?" बसव्वा म्हणाली. "बाजारातनं म्हस आनल्यासारकं?"

"माझ्या दाजींना?" कमलम्मा धुळीच्या आतून म्हणाली.

रेवणप्पांनी विचार केला आणि निकाल दिला. "मग ढकल. पर जपून, हां. रंग नवा हाय माजा."

रंगाला ओरखडा पडू नये म्हणून आईसाठी घेतलेली चादर दोन गाड्यांच्या मधे कोंबली. इमामसाबनं भरलेला सगळा दम आता खरा कामाला लागला. शेर डरकाळ्या फोडत ढकलू लागला. पुढं रेवणप्पा ऐटीत बसून वाटेतल्या बैलगाड्यांना भोंगा देत होते आणि हात बाहेर काढून खुणा करत होते. मागं चनबसप्पाला थोरल्यांच्या गाडीच्या पाठीखेरीज जगातलं काहीही दिसत नव्हतं.

गुरम्माचं घर उताराच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी रेवणप्पांनी हात हलवला. 'सोड आता!' चनबसप्पानं थांबून चादर काढून घेतली. थोरल्यांची गाडी एकटी, संथ, हंसासारखी उतरत गेली आणि बरोबर दारापुढं उभी राहिली. माणसं धावली, कुंकू लागलं, ओवाळणं झालं. मग धडधड, फटफट, धुराचा लोट सोडत धाकट्याची गाडी आली. गल्लीतली पोरं पळाली. बांधलेल्या गाईनं दावं तोडलं.

गुरम्मा कानांवरचे हात काढत पुढं आली. या खेपेला मुलीनं हाक मारली, म्हणून तिनं तिला आवाजावरून ओळखलं. पदरानं तिचं तोंड पुसलं, तान्ह्या लेकराचं पुसावं तशा मायेनं पुसलं, आणि जावयाकडं वळली.

"जावईबापू, किती वरडती वो तुमची मोटार! थोरल्यांची बघा. कवा आली, कळलं सुदीक न्हाय! आवाज न्हाय, धूर न्हाय. मोटार असावी तर अशी!"

चनबसप्पानं तोंड उघडलं. कमलम्मानं त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं रेवणप्पांकडं पाहिलं, तर ते कपाळाचं कुंकू नीट करण्यात गुंतले होते. त्यानं तोंड मिटलं. आत फक्त धूळ गेली.

पंगत बसली. कमलम्मानं आंघोळ करून आईचं जुनं लुगडं नेसलं होतं आणि ती त्याच्या वाटीत न विचारता रस ओतत होती, भरली की पुन्हा ओतत होती. एकदा वाकून हळूच म्हणाली, "तुमी शब्द राकत हुता हो. मीच न्हाय राकू दिला." चनबसप्पाला एवढं बरं वाटलं, की आता कुणी काही म्हटलं तरी चालेल असं त्यानं ठरवून टाकलं.

तेवढ्यात पोळी वाढायला आलेली गुरम्मा काळजीनं त्याच्यासमोर थांबली.

"जावईबापू, परत जाताना तुमी थोरल्यांच्या मागंमागंच जावा बरं का. वाटंत तुमची ती मोटार बंद पडली, तर मदतीला ते हाईत की!"

रेवणप्पांच्या हातातली रसाची वाटी ओठांपाशीच थांबली.

"व्हय, व्हय, चनबसप्पा," ते घाईघाईनं म्हणाले, "मागंच ऱ्हा. आजाबात लांब जाऊ नगो!"